पावसाळ्यात उल्हास, पेज आणि आसपासच्या छोट्या नद्यांवर कयाक : कुणी केलंय का?

ठाण्याचा_हळूराम

नमस्कार मंडळी. वाचनमात्र आयडी आहे, पहिलाच धागा, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

ऑफिसच्या ग्रुपबरोबर कोलाडला कुंडलिकेवर राफ्टिंग झालं. मजा आली, नाही असं नाही. पण माझं लक्ष सगळा वेळ आमच्या पुढे चाललेल्या सेफ्टी कयाककडे होतं. एकटी मुलगी, इवलीशी प्लास्टिकची नाव. लाटेच्या तोंडावर नाव धरून जागच्या जागी तरंगत राहायची, मनात येईल तेव्हा दगडामागे सुळकन शिरायची आणि आम्ही पोचेपर्यंत निवांत बसायची. त्यानंतर आमची राफ्ट म्हणजे मला एसटी वाटायला लागली.

तेव्हापासून डोक्यात किडा शिरलाय. पावसाळा दीड महिन्यावर आलाय. घरापासून कर्जत लोकलने तासा-सव्वा तासावर. जुलैत उल्हास गाडीच्या खिडकीतून दिसते तेवढ्यानेही हात शिवशिवतात. तर विचारायचं असं की, कर्जतच्या वरच्या अंगाला, किंवा तिला मिळणाऱ्या लहान नद्यांवर, कुणी कयाक घातली आहे का? शिकायचं कुठे? नाव विकत घ्यावी का? आणि ती ठाण्यातल्या वन बीएचकेमध्ये ठेवायची कुठे, हा बायकोचा प्रश्न आहे.

पोहता येतं. टँकमधलं.

चहाबिस्किट

जागा धरून बसलोय. वांगणीकर येतीलच आता.

वांगणीकर

आलो.

हळूराम, तुमच्या उत्साहावर पाणी टाकायचं नाही, पण गाडीच्या खिडकीतून दिसणारी नदी वेगळी आणि अंगणात येणारी वेगळी. २०१९ च्या जुलैत २६ च्या रात्री महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मधे पाण्यात अडकली. हजाराच्या वर माणसं. दुसऱ्या दिवशी एनडीआरएफ, नौदल, बोटी, हेलिकॉप्टर, सगळं आलं तेव्हा ती सुटली. ती हीच उल्हास.

दर पावसाळ्यात मुंबईची पोरं आमच्याकडच्या डोहात उतरतात आणि मग शोधायला गावातलीच माणसं दोर बांधून जातात. त्यामुळे 'कुणी केलंय का' याला माझं उत्तर एवढंच, की करू नका.

बिनधास्त_बदलापूर

अहो वांगणीकर, किती घाबरवाल. आम्ही दरवर्षी ट्रकच्या ट्यूबवर बसून जातो. बदलापूरच्या वरून सुटायचं, खाली बाहेर पडायचं. लाइफ जॅकेट नाही, हेल्मेट नाही. काही होत नाही.

कातळ

बिनधास्त, तुम्हाला काही झालेलं नाही याचा अर्थ एवढाच की ज्या दिवशी व्हायचं त्या दिवशी तुम्ही घरी होतात. ट्यूबला ना दिशा, ना थांबण्याची सोय. पाणी नेईल तिकडे जायचं असेल तर नाव कशाला हवी, ओंडका पुरे.

हळूराम, मी इथल्या छोट्या नद्यांवर बरीच वर्षं वल्हवतो आहे. 'करू नका' असं मी सांगणार नाही, 'यंदा करू नका' असं सांगेन. कारणं नीट लिहितो, लांबेल.

राफ्टिंगवाले 'ग्रेड तीन', 'ग्रेड चार' म्हणतात ते तुम्ही ऐकलं असेल. जगभर एक ते सहा अशी प्रतवारी चालते. एक म्हणजे वाहतं सपाट पाणी, सहा म्हणजे जिथे जाऊन परत यायची खात्री नाही असं. कोलाडचा पट्टा साधारण दोन आणि तीनच्या घरात बसतो. पण हा आकडा धबधबीचा, म्हणजे खळाळत्या टप्प्याचा असतो, नदीचा नाही. तोच ओढा सकाळी दोन असतो आणि घाटमाथ्यावर तासभर बदाबदा पडला की चार. आमच्या सह्याद्रीतल्या पश्चिमवाहिन्यांचं हेच दुखणं आहे. लांबी कमी, उतार खडा, पाणलोट छोटा, खाली कातळ. पाणी मुरायला जागाच नाही, पडलं की निघालं. ऋषिकेशला गंगा चढते ती दिसते, कळते, आणि तिकडे पावसाळ्यात राफ्टिंग बंदच ठेवतात. इथे तुमच्या डोक्यावर ऊन असतं आणि वर राजमाचीच्या अंगाला ढग फुटलेला असतो.

पाणी चढतंय हे ओळखायच्या खुणा आहेत. काठावरचा एखादा दगड नजरेत धरून ठेवायचा, तो दर पाच-दहा मिनिटांनी बघायचा. पाण्याचा रंग चहासारखा गढूळ व्हायला लागला, काटक्या-पानं-फेस वाहत यायला लागला, की जिथे असाल तिथून काठावर. वाद घालायचा नाही, 'तेवढा पुढचा टप्पा करू' म्हणायचं नाही. हवामान खात्याची कुलाबा आणि वेरावलीची रडार आहेत, त्यांची चित्रं मोबाइलवर दिसतात. निघण्याआधी घाटावर काय चाललंय ते बघायची सवय लावा. 'उद्या मुसळधार' हा अंदाज आणि आत्ता कुठे पडतोय ते चित्र, दोन्ही लागतं.

आणि जोर. एक घनमीटर पाणी म्हणजे एक टन. वेग दुप्पट झाला की ढकलण्याची ताकद चौपट. गुडघाभर पाण्यात माणूस उभा राहायला जातो, पाय दोन दगडांत अडकतो, मागून पाणी पाठीवर बसतं आणि तोंड पाण्याखाली जातं. म्हणून पडलात तर उठून उभं राहायचं नाही. पाठीवर पडायचं, पाय पुढे आणि पृष्ठभागाजवळ ठेवायचे, संथ पाणी मिळेपर्यंत तसंच राहायचं.

पण खरं सांगू का? या नद्यांवर माझी झोप उडवते ती लाट नाही. माणसाने नदीत घालून ठेवलेल्या वस्तू. त्यावर काका लिहितील तर बरं.

निवृत्त_पाटबंधारे

बोलावलंत म्हणून लिहितो. नोकरी बंधाऱ्यांवरच गेली.

कोल्हापूर पद्धतीचा बंधारा सगळ्यांनी पाहिलेला असतो. ओळीने खांब आणि मधल्या गाळ्यांत बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या काढता-घालता येणाऱ्या फळ्या. पावसाळ्याआधी बरगे काढतात आणि ऑक्टोबरच्या सुमारास पुन्हा घालतात. म्हणजे जुलैत गाळे मोकळे, पाणी त्यातून जोरात जाणार. वरून येणाऱ्या नावेला वाटतं, मोकळी वाट आहे. नाव जराशी आडवी झाली की खांबावर मधोमध बसते, दोन्ही बाजूंनी पाणी तिला दाबतं आणि ती खांबाभोवती वाकते. आतल्या माणसाचे पाय आतच. एखादा बरगा काढायचा राहिलेला असेल किंवा गाळ्यात झाडाचा बुंधा अडकला असेल तर विचारूच नका.

दुसरा प्रकार पक्क्या भिंतीचा, ज्याच्यावरून पाणी सरळ खाली पडतं. मीटरभर उंची. फोटोत फार गोड दिसतो. खाली पडलेलं पाणी तळाशी जाऊन पुढे उसळतं आणि वरचा थर उलटा, भिंतीकडे फिरतो. त्या फिरत्या पट्ट्यात सापडलेली वस्तू भिंतीकडे ओढली जाते, धारेखाली दबते, पुढे येते, पुन्हा ओढली जाते. नैसर्गिक खडकाळ उतारावर असा पट्टा कुठेतरी तुटलेला असतो, कडेने निसटता येतं. बंधारा काठापासून काठापर्यंत एकसारखा बांधलेला असतो, आम्हीच तसा बांधलेला असतो, त्यामुळे निसटायला फट नाही. त्यात पाण्यात हवा मिसळलेली, म्हणजे जॅकेटही नेहमीइतकं तरंगवत नाही.

तिसरा प्रकार गावाकडच्या फरशीचा. रस्त्याखाली पाइप घातलेली मोरी. नदी थोडी चढली की पाइप बुडतात, वरून पातळ पाणी जातं आणि नदी शांत वाटते. सगळा ओढा खाली पाइपाच्या तोंडाशी असतो. पाइपात गेलेला माणूस दुसऱ्या टोकाने बाहेर येईल, याची मी इंजिनिअर म्हणून हमी देणार नाही.

तात्पर्य असं की बंधारा, फरशी, साकव यातलं काहीही दिसलं की आधीच काठाला लागायचं आणि नाव खांद्यावर घेऊन चालत पलीकडे जायचं. त्यात कमीपणा नाही.

मेघना_उपनगर

काका, _/\_. मोरीबद्दल हा विचारच केला नव्हता.

ठाण्याचा_हळूराम

बाप रे. मी यूट्यूबवर तासन् तास बघून आलो होतो, तिकडे सगळे धबधब्यावरून उड्या मारतात. मोरीबद्दल कुणीच बोलत नाही.

काका, एक शंका. मग कोलाडला बारा महिने राफ्टिंग कसं चालतं? तिथे तर आम्ही मार्चमध्ये गेलो होतो आणि पाणी भरपूर होतं.

निवृत्त_पाटबंधारे

ते पाणी कुंडलिकेचं नाहीच मुळी! मुळशीचं आहे. मुळा नदी खरी पूर्वेला जायची, भीमा, कृष्णा करत बंगालच्या उपसागराला. टाटांनी मुळशीला धरण बांधून ते पाणी बोगद्यातून आणि नळांतून सह्याद्रीच्या पश्चिमेला सुमारे पाचशे मीटर खाली भिऱ्याला उतरवलं. भिऱ्याचं वीज केंद्र १९२७ पासून चालू आहे. ज्या धरणासाठी सेनापती बापटांनी सत्याग्रह केला तेच हे. वीज करून झालेलं पाणी कुंडलिकेत सोडतात, त्यावर तुमची राफ्ट चालते. म्हणून तिथे बहुधा सकाळीच जावं लागतं. पाणी सोडण्याची वेळ विजेच्या गरजेवर ठरते, राफ्टवाल्यांच्या नाही.

असंच खोपोलीचं पाणी पाताळगंगेत आणि भिवपुरीचं पेज नदीतून उल्हासला येतं. म्हणून पेज उन्हाळ्यातही वाहते. (भिवपुरी रोड स्टेशनला उतरून वीज केंद्र शोधू नका, ते पार डोंगराच्या पायथ्याशी आहे.) पण सोडलेल्या पाण्याचा एक धोका ध्यानात ठेवा : ढग नसताना, ऊन असताना पातळी वाढू शकते. भोंगा वाजतो तो ऐकला पाहिजे आणि गावात विचारलं पाहिजे.

चहाबिस्किट

म्हणजे मी कोलाडला पुण्याच्या पाण्यात भिजलो. बिल मात्र मुंबईच्या दराने लावलं.

मेघना_उपनगर

😀

हळूराम, शिकण्याबद्दल मी सांगते, मी अजून शिकतेच आहे.

पहिलं, कोलाडलाच शिका. काकांनी सांगितलं तेच कारण : पाणी मोजून-मापून सोडलेलं, रोज साधारण तेवढंच. काल जिथे उलटलात तीच लाट आज पुन्हा मिळते, हे शिकणाऱ्यासाठी किती मोठं आहे ते तिथे गेल्यावर कळेल. पावसाळी नदीत तीच लाट दुसऱ्या दिवशी नसतेच. कयाक शिकवणारे तिथे आहेत. राफ्टिंगच्या तिकिटाबरोबर 'कयाकिंग' म्हणून संथ पाण्यात पंधरा मिनिटं फिरवतात ते नव्हे. नीट विचारा, वेट एक्झिट आणि रोल शिकवता का.

वेट एक्झिट म्हणजे नाव उलटल्यावर, डोकं पाण्याखाली असताना, स्प्रे स्कर्टचा (कमरेभोवती बांधून नावेचं तोंड झाकतात ते आवरण) पुढचा पट्टा ओढून बाहेर पडणं. हे सगळ्यात आधी, संथ पाण्यात, कुणीतरी शेजारी उभं असताना. तो पट्टा स्कर्टच्या आत दुमडून राहिला तर उलट्या नावेत हाताला लागत नाही. प्रत्येक वेळी बसल्यावर तो बाहेर आहे का, हात लावून बघायचं. माझी एक मैत्रीण नाव सुटण्याआधी मोठ्याने 'पट्टा बाहेर' म्हणते. हसू येतं, पण मीही म्हणायला लागले आहे.

मग रोल, म्हणजे उलटल्यावर आतूनच सरळ होणं. लोकांना वाटतं हाताच्या जोरावर होतं. जोर कमरेचा असतो, आणि डोकं सगळ्यात शेवटी बाहेर काढायचं. श्वासासाठी जीव तडफडत असताना डोकं शेवटी काढायचं, हे शरीराला पटवायला फार वेळ लागतो. मुंबईत यासाठी स्विमिंग पूल मिळणं हीच खरी ग्रेड पाच. टाइल्सला ओरखडे पडतील म्हणून नाही म्हणतात. सोसायटीचा पूल असेल तर सेक्रेटरींना गोड बोला.

सामान : चांगल्या मापाचं जॅकेट (खांद्याला धरून वर ओढलं तर कानापर्यंत येता कामा नये), हेल्मेट, पाय झाकणारे पकड असलेले बूट, शिटी, चाकू. आणि थ्रो बॅग, म्हणजे पिशवीत भरलेला पंधरा-वीस मीटर तरंगणारा दोर. दोर फेकणाऱ्याने तो मनगटाला गुंडाळायचा नाही. एवढं एक वाक्य पाठ करा.

नाव विकत घेऊ नका इतक्यात. प्लास्टिकची कयाक अडीच-पावणेतीन मीटर लांब आणि वीसेक किलोची. लोकलच्या लगेजच्या डब्यात बसते, मासळीच्या पाट्यांबरोबर नेलेली पाहिली आहे. वाटेत सगळ्यांना 'हे काय आहे' सांगत जावं लागतं. लगेजचं तिकीट आधी खिडकीवर विचारून घ्या. माझ्याकडे पॅकराफ्ट आहे, हवा भरायची एकट्याची नाव. गुंडाळली की सॅकमध्ये जाते, कपाटाच्या वर राहते, बायकोच्या प्रश्नाचं उत्तर बहुधा तेच. लहान, दगडाळ, उथळ ओढ्यावर ती बरी चालते, पण फिरत्या पाण्यात हलकी असल्यामुळे लगेच धरली जाते.

डॉ_घाटकोपर

दोन गोष्टी.

एक, खांदा. वल्ह्याचा आधार घेताना हात डोक्याच्या वर आणि मागे गेला की खांदा निखळायला निमंत्रणच. कोपर खाली, हात छातीच्या पुढे. वल्हं मागे न्यायचं असेल तर सगळं धड वळवा, एकटा हात नको. एकदा निखळलेला खांदा, विशेषतः तरुण वयात, पुन्हा निखळायची शक्यता बरीच असते.

दोन, लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसचा ताप. मुंबईकरांना सांगायला नको, पण पुराच्या पाण्यात तुंबलेला रस्ता आणि नदी यात जंतू फरक करत नाहीत. उंदीर, गुरं, कुत्री यांच्या लघवीतून येतो, जखमेतून आणि डोळ्या-तोंडातून शिरतो. पायावर ओरखडे असतील तर जलरोधक पट्टी लावा, जखम मोठी असेल तर घरी बसा. पाण्यातून आल्यावर पुढच्या दोन-चार आठवड्यांत ताप आला, पोटऱ्या दुखल्या, डोळे लाल झाले तर डॉक्टरला 'मी नदीत होतो' हे स्वतःहून सांगा. नाहीतर तो डेंग्यू-मलेरिया शोधत बसेल. आधीच गोळी घ्यायची का, हे आपल्या डॉक्टरला विचारून. मित्राने दिली म्हणून नको.

बदलापूरच्या खाली शहरांचं सांडपाणी मिसळतं, तिथे नाव घालायचा विचारही करू नका, ट्यूबवाल्यांनीही.

वांगणीकर

डॉक्टर, धन्यवाद. कातळ आणि मेघनाताई, तुम्ही नीट लिहिताय हे मान्य, माझा सूर जरा खाली आणतो. तरी एक विचारतो. जिल्हाधिकारी दर पावसाळ्यात धबधबे, धरणं, नदीकाठ यांवर बंदीचे आदेश काढतात. २०२४ च्या जूनअखेर लोणावळ्याला भुशी धरणाच्या मागे एकाच कुटुंबातले पाच जण वाहून जाऊन दगावले, त्यानंतर तर जास्तच कडक. त्याचं काय करता?

कातळ

पाळतो. आदेश असेल तिथे जात नाही, विषय संपला. आदेश नसेल तिथेही गावात जाऊन सांगून येतो, किती जण, कुठून कुठे, किती वाजता बाहेर. पोलीस पाटलांकडे फोन नंबर ठेवतो. तिघांपेक्षा कमी असलो तर नदीत उतरत नाही : एक अडकला तर एक दोर टाकायला, एक खाली झेलायला.

अजून एक गोष्ट शहरी मंडळींना माहीत नसते. मृगाचा पहिला जोर आला की मासे प्रवाहाच्या उलट वर चढतात आणि गावोगाव वलगणीची, म्हणजे हे चढणीचे मासे धरायची धांदल उडते. ओढ्याच्या तोंडाला आडवी जाळी, बांबूचे सापळे, दगड-पाल्याचे बांध. गढूळ पाण्यात जाळं दिसत नाही. नाव त्यात शिरली की चाळणीतल्या गाळासारखी अवस्था, पाणी पलीकडे जातं आणि आपण राहतो. पडलेल्या झाडाच्या फांद्या, शेताच्या कुंपणाची काटेरी तार नदीत लोंबलेली, हे त्याच जातीचं. आणि जाळं तोडून निघालात तर त्या माणसाचं वर्षातलं एक मोठं जेवण बुडवलंत. म्हणून पहिल्या पावसात ओढ्यात मी उतरतच नाही.

एखाद्या झाडावर जाणं टळणारच नसेल तर पाय पुढे ठेवायचे नाहीत. उलटं वळायचं, डोकं झाडाकडे, जोरात पोहत जाऊन फांदीवर चढायचं. दगडावर नाव आडवी लागली तर अंग दगडाकडे झुकवायचं, सरळ मिठी मारायची. घाबरलेलं शरीर दगडापासून लांब झुकतं, वरच्या बाजूची कड बुडते आणि नाव उलटते.

होलबद्दल थोडं, म्हणजे दगडावरून पडून पाणी मागे फिरतं तो खळगा. वरून बघताना त्याची दोन्ही टोकं खालच्या बाजूला वळलेली असतील तर तो तुम्हाला कडेने बाहेर सोडतो. टोकं वरच्या बाजूला वळलेली असतील तर मधे ओढत राहतो. पहिला जपून, दुसरा चालत. हे नावेत बसून कळत नाही, काठावर उभं राहून बघावं लागतं.

आणि म्हणूनच हळूराम, तुम्हाला यंदाचं काम देतो. नाव-बिव काही नको. आता, मे महिन्यात, नदी चालून काढा. पात्र बरंचसं कोरडं असतं. जो टप्पा पावसाळ्यात करावासा वाटतो तो खालून वर, पात्रातून चाला. कुठला दगड खालून पोखरलेला आहे, कुठे रांजणखळगे आहेत, कुठे घळ अरुंद होऊन दोन्ही काठ भिंतीसारखे होतात आणि बाहेर पडायला जागा नाही, सगळं उघडं पडलेलं दिसतं. बंधारे, मोऱ्या, तारा, तुटलेल्या साकवांच्या सळया मोबाइलवर खुणा करत जा. जुलैत त्याच्यावरून फक्त सपाट तपकिरी पाणी दिसेल. काठच्या झाडांत अडकलेला पाला-प्लास्टिक किती उंचीवर आहे तेही बघा, गेल्या वर्षी पाणी कुठवर आलं होतं ते कुणाला विचारावं लागत नाही. मी नवीन ओढा असाच आधी उन्हाळ्यात चालतो, आणि अर्ध्याहून जास्त ओढे चालल्यावरच यादीतून काढून टाकतो.

मग जुलैत त्याच जागी काठावरून बघा. हातात वही. तोवर कोलाडला शिकत राहा. फारच खुमखुमी आली तर पावसाळ्यात गोव्यात म्हादईवर वाळपईकडून राफ्टिंग होतं, किंवा कोझिकोडला मलबार रिव्हर फेस्टिव्हल भरतो, चालिपुळा आणि इरुवंजिपुळा या छोट्या डोंगरी नद्यांवर. जगभरचे लोक येतात. दिवसभर काठावर बसून कोण कुठून लाइन घेतो ते बघण्यात भरपूर शिकायला मिळतं.

बिनधास्त_बदलापूर

कातळ, तो ओंडक्याचा टोमणा लागला बरं का. पण चालत जायचं असेल तर मी येतो. वरचे दोन बंधारे आणि एक मोरी मला माहीत आहे, ट्यूब तिथेच उचलून न्यायला लागते.

चहाबिस्किट

म्हणजे न उचलता पण कधी...?

बिनधास्त_बदलापूर

ते प्रत्यक्ष भेटल्यावर.

ठाण्याचा_हळूराम

सगळ्यांचे मनापासून आभार. नाव रद्द, बूट घेतो. पुढच्या रविवारी कर्जतला पहिल्या गाडीने येतो, पेजच्या काठाने सुरुवात करू. काका, तुम्ही आलात तर बरगे ओळखायला शिकवाल.

निवृत्त_पाटबंधारे

गुडघे साथ देतील तिथवर येतो. पाण्याच्या बाटल्या जास्त घ्या, मे महिन्यात कातळ तापतो.

वांगणीकर

रविवारी मेगाब्लॉकचं काही खरं नसतं. शनिवारी या, मी वांगणीला चढतो.